अथेन्सचे ऊन

बुधवार, १२ जून २०२४. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरील पुरातन वास्तू दुपारी १२ ते सायंकाळी ५ या वेळेत बंद राहतील, असे ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्रालयाने जाहीर केले होते. पारा चाळीस अंशांपलीकडे जाण्याचा अंदाज होता. काही भागांतील प्राथमिक शाळांना सुट्टी देण्यात आली होती. अशा लाटा तेथे प्रायः जुलै-ऑगस्टमध्ये येतात. जूनच्या मध्यावर एवढी काहिली खुद्द ग्रीकांनाही अनपेक्षित होती. तीनच दिवसांपूर्वी सिमी नावाच्या बेटावर डॉ. मायकल मोस्ली या ब्रिटिश दूरचित्रवाणी निवेदकांचा मृतदेह सापडला होता. आरोग्यविषयक कार्यक्रमांमुळे घरोघरी परिचित असलेले हे गृहस्थ भर दुपारी एकटेच पायी निघाले आणि परतले नाहीत. त्या आठवड्यात पर्यटकांच्या तोंडी हाच विषय होता.

अशा दिवशी सांगली जिल्ह्यातील एक वयस्क दांपत्य अथेन्समध्ये होते. पती निवृत्त इतिहास-शिक्षक. गाव त्यांना 'सर' म्हणून ओळखते आणि त्यांच्या पत्नीला 'काकी' म्हणून. मुलगा जर्मनीत नोकरीला. त्याच्याकडे दोन महिने राहावयास गेले असता वडिलांची जुनी इच्छा त्याने पुरी करण्याचे ठरविले. स्वतःला रजा नव्हती, म्हणून विमानाची, हॉटेलची आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या प्रवेशाची तिकिटे काढून देऊन त्याने दोघांनाच पाठविले. मंगळवारी रात्री पोहोचायचे, बुधवारी शहर पाहायचे, गुरुवारी दुपारी दोनच्या विमानाने परत. सरांनी तीसहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकातील पार्थेनॉनच्या धूसर चित्रावर बोट ठेवून मुलांना अथेन्स शिकविले होते. त्या चित्रापलीकडचे काही पाहण्याचा हा एकच दिवस होता.

काकींची सकाळ ठरलेली. स्नान, सामायिक, मग रक्तदाबाची गोळी आणि न्याहारी. कोकाकी या वस्तीतील लहानशा हॉटेलात तीळ लावलेली गोल कडी-पावासारखी 'कुलुरी' मिळाली, तिच्यासोबत त्यांनी सांगलीहून नेलेले, लसूण न घातलेले भडंग काढले. हॉटेलच्या तरुण व्यवस्थापकाने बाहेर पडताना दोघांना थांबविले. 'आज शक्य तितक्या लवकर जा, लवकर उतरा, आणि पाणी पीत राहा,' असे त्याने तीन वेळा सांगितले. सर हसून म्हणाले, "ऊन आम्हांला नवीन नाही."

हे वाक्य महाराष्ट्रातील किती प्रवाशांनी किती देशांत उच्चारले असेल! ते खोटेही नसते. कृष्णाकाठचा वैशाख ज्यांनी साठ-सत्तर वेळा काढला, त्यांना उन्हाची भीती कोण घालणार? परंतु गावी वैशाखातल्या दुपारी आपण काय करतो, हे आपण विसरतो. शेतकरी पहाटे रानात जातो आणि दहाला झाडाखाली येतो. बाजार सकाळी उरकला जातो. माजघरात पाणी शिंपडून जेवणानंतर पडायचे, चारला चहा, मग पुन्हा कामे. ऊन ओळखीचे असते ते ह्या वेळापत्रकामुळे. परगावी गेलेला मनुष्य मात्र आपले वेळापत्रक घरी ठेवून जातो आणि तिकिटावर छापलेल्या वेळेने चालतो. सरांच्या तिकिटावर १० ते ११ ही वेळ होती.

अ‍ॅक्रोपोलिसला आता अशी वेळ बांधून दिलेली तिकिटे असतात. दिवसाला वीस हजारांहून अधिक माणसांना वर सोडायचे नाही, असा नियम झाला आहे. त्या दिवशी तर बारानंतर दरवाजेच बंद व्हावयाचे होते. त्यामुळे सकाळच्या गर्दीचा लोंढा मोठा होता. दांपत्य आग्नेयेकडील प्रवेशद्वाराने आत गेले, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रांगेत उभ्या असलेल्या लोकांना रेडक्रॉसचे स्वयंसेवक पाण्याच्या बाटल्या वाटत होते. काकींनी एक घेतली, पिशवीत टाकली आणि पिण्याचे पुढे ढकलले. त्यांचा हिशेब साधा होता: टेकडीवर प्रसाधनगृह कोठे असेल, कोणास ठाऊक! प्रवासात कमी पाणी पिण्याची ही सवय आपल्याकडील बहुतेक स्त्रियांना लहानपणापासून जडलेली असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

द्वारातून आत शिरताच डाव्या-उजव्या हाताला इतिहास सुरू होतो. टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिससचे नाट्यगृह आहे. सोफोक्लिस, युरिपिडिस, अ‍ॅरिस्टोफेनिस यांची नाटके ज्या जागी प्रथम झाली, ती ही जागा. पुढच्या रांगेत पुजाऱ्यांसाठी घडविलेली संगमरवरी आसने आजही आहेत. सर तेथे रमले. त्यांनी काकींना आसनांवरील अक्षरे दाखविली, प्रेक्षकांचा डोंगरउतार दाखविला, आणि ही नाटके वसंतोत्सवात, सकाळपासून दिवसभर चालत असत, हेही सांगितले. काकी ऐकत होत्या. पायवाट चढत होती. झाडे विरळ होती आणि जी होती त्यांच्यावर सिकाडा हे कीटक एका सुरात करकरत होते.

अथेन्सच्या उन्हाचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हवा कोरडी असते. घाम येतो आणि आला तसा उडून जातो; कपडे ओले होत नाहीत, म्हणून शरीरातून किती पाणी गेले ते समजत नाही. त्यात पायाखाली फिकट चुनखडक आणि संगमरवर. ऊन वरून येते तसे खालूनही येते. टोपी वरच्याच उन्हाला अडविते. रक्तदाबाच्या काही गोळ्या मुळातच शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या असतात. काकींची गोळी त्यांपैकीच होती.

हेरोडिस अ‍ॅटिकसचे दुसऱ्या शतकातील रंगमंदिर मागे टाकून वाट जेथे पायऱ्यांकडे वळते, तेथे काकी थांबल्या. डोळ्यांपुढे पांढरे-पांढरे झाले, असे त्या नंतर म्हणाल्या. त्या वेळी त्यांनी एवढेच म्हटले, "अहो, जरा टेकते." आणि एका ऑलिव्हच्या झाडाखाली दगडावर बसल्या.

या जागेवरून वर पाहिले तर मुख्य महाद्वाराचे, म्हणजे प्रोपिलियाचे खांब दिसतात. उजवीकडे कड्याच्या टोकावर नाइकेचे छोटेसे देवालय दिसते. पार्थेनॉन मात्र दिसत नाही. ते महाद्वार ओलांडल्यावरच एकदम समोर येते. सरांच्या आणि त्याच्या मध्ये आता काही मिनिटांच्या पायऱ्या होत्या.

"तुम्ही जाऊन या," काकी म्हणाल्या. "मी इथं सावलीत बसते. एवढ्या लांब काय माझी नाडी बघायला आलाय का?"

सर निघाले. वीस-पंचवीस पायऱ्या चढले असतील. वळून पाहिले तो काकींनी डोके गुडघ्यांवर ठेवले होते. ते तसेच माघारी आले.

तेथील एक महिला रक्षक तोवर काकींजवळ पोहोचली होती. तिने काकींचा सुती स्कार्फ मागून घेतला, बाटलीतील पाण्याने भिजवून मानेवर ठेवला, पायांतील बूट सैल करावयास लावले आणि डॉक्टरांना बोलवू का, असे विचारले. काकींनी मानेनेच नको म्हटले. त्यांच्या पिशवीत मीठ-साखरेच्या दोन पुड्या होत्या; घरातून निघताना सुनेने टाकलेल्या. बाटलीत एक पुडी मिसळून सरांनी त्यांना घोट-घोट पाजले. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. तोवर वरून माणसे उतरू लागली होती. बंद होण्याची वेळ जवळ आली होती. काकी उठल्या आणि वरच्या दिशेने एक पाऊल टाकते झाल्या.

"कुठं?" सर म्हणाले.

"आता बरं वाटतंय. चला की."

"खाली," सर म्हणाले. आयुष्यात बायकोला फार क्वचित त्यांनी एका शब्दात उत्तर दिले असेल. काकी काही बोलल्या नाहीत. दोघे उतरले. तिकीट एकाच प्रवेशाचे होते. एकदा बाहेर पडल्यावर ते संपले.

टेकडीच्या पायथ्याशी, रस्ता ओलांडला की अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय आहे. बर्नार्ड शुमी या वास्तुशिल्पीने आखलेली ही इमारत २००९ मध्ये खुली झाली. वातानुकूलित. सरांनी तिकिटे काढली ती खरे तर काकींना गारव्यात बसविण्यासाठी. कोणाही प्रवाशाला सांगावे असे काही या दिवसात घडले असेल, तर ते येथून पुढे घडले. कारण दुपारचे दोन-अडीच तास या दोघांनी कोठलीही घाई न करता, बसत-उठत, पाणी पीत घालविले.

पहिल्या मजल्यावर एरेक्थिऑन मंदिराच्या स्त्री-मूर्ती आहेत. खांबांच्या जागी छप्पर डोक्यावर तोलून धरणाऱ्या ह्या कन्यका मुळात सहा. पाच येथे आहेत. सहावी लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात, आणि तिची जागा येथे मोकळी ठेवली आहे. टेकडीवर उभ्या आहेत त्या प्रतिकृती. वर गेलेले लोक त्यांना दुरून आणि समोरून पाहतात. संग्रहालयात मात्र त्यांच्या पाठीमागे जाता येते. काकी मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. पाठीवर सोडलेल्या जाडजूड वेण्या, त्यांचे पेड, बाजूने काढलेल्या बारीक बटा, सारे दगडात होते. प्रत्येकीची वेणी थोडी निराळी. सरांनी सांगितले, की हा केशसंभार नुसत्या शोभेसाठी नाही. मान हा मूर्तीचा सर्वांत नाजूक भाग, वरचा भार पेलावा म्हणून केसांनी मानेला जाडी दिली आहे. काकी म्हणाल्या, "ते तुमचं. पण घालणाऱ्याला वेणी येत होती." हे निरीक्षण कलेच्या इतिहासात नोंदवावे इतके नेमके आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावरील काचेचे दालन पार्थेनॉनच्याच दिशेने आणि त्याच्याच मापाने बांधलेले आहे. मंदिराभोवती सुमारे १६० मीटर लांबीचा जो शिल्पपट्ट होता, त्याचे तुकडे येथे मूळ क्रमाने लावले आहेत. अथेनादेवीच्या उत्सवाची मिरवणूक त्यावर कोरली आहे: घोडेस्वार, रथ, पाण्याचे घट वाहणारे तरुण, बळी द्यावयाचे बैल. मूळ तुकडे मधाच्या रंगाचे. जे येथे नाहीत त्यांच्या जागी प्लास्टरचे पांढरेशुभ्र साचे. एल्गिन या ब्रिटिश सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शिल्पे उतरवून नेली आणि १८१६ मध्ये ती ब्रिटिश संग्रहालयाच्या मालकीची झाली. ग्रीस ती परत मागत आला आहे. संग्रहालयात याविषयी फारसे भाषण नाही. मध आणि चुना शेजारी शेजारी ठेवले, की पाहणाऱ्याला समजते.

आणि काचेपलीकडे, उन्हात भाजत असलेल्या टेकडीवर, पार्थेनॉन उभा होता. सरांनी तो प्रथम पाहिला तो असा: गार दालनातून, काचेतून, भोवती एकही माणूस नसलेला, कारण वरचे दरवाजे बंद झाले होते. ते बाकावर बसले. शेजारी काकी. तेथे त्यांनी पत्नीला जो पाठ शिकविला, तो त्यांच्या वर्गातील मुलांनी अनेकदा ऐकला असेल.

इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झाले आणि नऊ वर्षांत मंदिर उभे राहिले. शिल्पांचे काम ४३२ पर्यंत चालले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे स्थपती, फिडियस हा शिल्पी. समोर आठ आणि बाजूला सतरा खांब. दगड पेंटेलिकस डोंगरातून आणलेला. एवढ्या मोठ्या इमारतीत सरळ रेषा म्हणून जवळजवळ नाही. ज्या चौथऱ्यावर ती उभी आहे तो मध्यभागी फुगीर आहे. लांब बाजूला ही उंची सुमारे अकरा सेंटिमीटर भरते. खांब आतल्या बाजूला किंचित कललेले. 'पायरीच्या एका टोकाला टोपी ठेवा, दुसऱ्या टोकाला डोळा जमिनीला लावून पाहा, टोपी दिसणार नाही,' हे वाक्य सर वर्गात दरवर्षी म्हणत. पुढे हे मंदिर चर्च झाले, मग मशीद झाली. १६८७ मध्ये तुर्कांनी येथे दारूगोळा साठविला असता व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला.

नंतरची एक हकिकत घर बांधलेल्या कोणालाही कळेल अशी आहे. प्राचीन कारागिरांनी दगड जोडताना लोखंडी पकडी वापरल्या होत्या, पण त्यांच्याभोवती शिसे ओतले होते. हवा-पाणी लोखंडापर्यंत पोहोचू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुरुस्ती झाली तेव्हा नव्या लोखंडी पकडी बसविल्या गेल्या आणि शिशाची काळजी घेतली गेली नाही. लोखंड गंजले, फुगले, आणि जो संगमरवर तोफेतून वाचला होता तो आतून तडकू लागला. १९७५ पासून नेमलेली तज्ज्ञांची समिती हे जुने लोखंड काढून टायटॅनियम बसवीत आली आहे.

संग्रहालयातून बाहेर पडताना दुपारचे तीन वाजायला आले होते, आणि रस्ते ओस पडले होते. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हा शांततेचा काळ मानतात. या वेळी मोठा आवाज करणे नियमाविरुद्ध आहे. बाल्कन्यांवरचे कापडी पडदे खाली ओढलेले, दुकानांची दारे लोटलेली. पुण्याच्या दुकानांच्या एक ते चारवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करणाऱ्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. अथेन्सला २०२१ पासून उष्णतेच्या प्रश्नाकडे पाहणारा स्वतंत्र अधिकारी आहे. असा अधिकारी नेमणारे युरोपातील ते पहिले शहर. कारण साधे आहे: १९८७ च्या लाटेत ग्रीसमध्ये हजाराहून अधिक माणसे दगावली. झाडे कमी, सिमेंटच्या इमारती दाट, अशा शहरात माणसाजवळ उरलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे दुपारी घरात राहणे.

वाटेत एका खानावळीत जेवण झाले. शाकाहाराची चिंता ग्रीसमध्ये वाटते तितकी करावी लागत नाही, पण काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवासाच्या काळात मांस, अंडी, दूध सोडतात. अशा पदार्थांना 'निस्तिसिमो' म्हणतात आणि हा शब्द प्रत्येक खानावळीत समजतो. मात्र या उपवासाला शिंपल्यातील जीव आणि अष्टपाद चालतात, म्हणून नुसत्या शब्दावर विसंबू नये. कांद्याशिवाय म्हणजे 'होरिस क्रेमिदी', लसणाशिवाय म्हणजे 'होरिस स्कोर्दो'. सॅलडवर येणाऱ्या फेटा चीजमध्ये पारंपरिक पद्धतीत प्राणिज रेनेट वापरतात. काकींनी ते नको म्हणून सांगितले. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल घालून जो 'होर्ता' नावाचा पदार्थ येतो, तो त्यांना मनापासून आवडला. "आपल्या पाथरीच्या भाजीची आठवण होते," त्या म्हणाल्या. सोबत पाव, टोमॅटो-काकडी आणि शेवटी कलिंगड. पाण्याचा जग न मागता टेबलावर आला. अथेन्सच्या नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. काकींनी त्या दुपारी तो जग जवळजवळ एकट्याने संपविला.

मग हॉटेलात दोन तास वामकुक्षी. सरांना झोप लागली नाही.

साडेसहाला दोघे प्राचीन अगोरात गेले. अगोरा म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे न्यायालय, सभा, देवळे, गप्पा, सारे काही. तेथे अटालस राजाची 'स्टोआ' आहे. पर्गामनच्या दुसऱ्या अटालसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात ती अथेन्सला भेट दिली. पडझड झालेली ती वास्तू अमेरिकन अभ्याससंस्थेने १९५२ ते १९५६ या काळात पुन्हा उभारली. स्टोआ या शब्दाला मराठीत ओसरी हा शब्द चपखल बसतो. ही ओसरी सुमारे ११५ मीटर लांब आहे, दोन मजल्यांची, पुढे खांबांच्या रांगा आणि मागे दुकानांचे गाळे. बाहेर दगड अजून तापलेले होते. आत पाऊल टाकताच हवा बदलली. कोणतेही यंत्र नाही. जाड भिंत, उंच छत, संगमरवरी जमीन आणि खांबांमधून मोकळी वाहणारी झुळूक. काकी थंड बाकावर बसल्या आणि हाताने दगड चाचपून पाहिला.

याच अगोराच्या उत्तर बाजूला 'चित्रांची ओसरी' होती. सायप्रसहून आलेला झीनो तेथे येरझाऱ्या घालीत शिकवी, म्हणून त्याच्या अनुयायांचे नावच 'स्टोइक', म्हणजे ओसरीवाले, असे पडले. सॉक्रेटिस तर भर उन्हात अनवाणी फिरणारा, असे त्याचे वर्णन आहे. पण प्लेटोच्या 'फिड्रस' या संवादात तोही माध्यान्ही इलिसस नदीच्या काठी एका मोठ्या झाडाच्या सावलीत, पाण्यात पाय सोडून बसतो आणि झाडावरच्या सिकाडांची कथा सांगतो: ही पूर्वी माणसे होती, गाण्याच्या नादात खाणे-पिणे विसरली आणि कीटक झाली. इलिसस आज बहुतेक रस्त्यांखाली बुजली आहे. कीटक तेवढे राहिले आहेत. ग्रीक तत्त्वज्ञान हे बुद्धीचे फळ आहे हे खरेच, पण त्याला सावली लागली, हेही या ओसरीत बसल्यावर पटते.

ओसरीतील लहानशा संग्रहालयात खापरांचे तुकडे आहेत. एखाद्याला शहराबाहेर घालवायचे तर नागरिक त्याचे नाव खापरावर कोरीत. न्यायी म्हणून ख्यात असलेल्या अ‍ॅरिस्टाइडिसचेही नाव त्यांत आहे. शेजारी न्यायालयातील भाषणाची वेळ मोजणारे मातीचे घटिकापात्र. पाणी संपले की बोलणे संपले. आपल्याकडील सभांमध्ये हे पात्र ठेवावे, असे सरांना तीव्रतेने वाटले.

उन्हे कलत असता त्यांनी काकींना आणखी एक गोष्ट सांगितली. इ.स.पू. २० च्या सुमारास भारतातील एका राजाचे दूतमंडळ रोमच्या ऑगस्टस बादशहाकडे आले होते. स्ट्रेबो या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे, की त्या मंडळींबरोबर आलेल्या 'बार्गोसा' येथील एका भारतीयाने अथेन्समध्ये हसतमुखाने अग्निप्रवेश केला आणि त्याची समाधी येथे बांधली गेली. बार्गोसा म्हणजे बहुधा भडोच. त्याचे नाव ग्रीकांनी 'झार्मानोखेगास' असे लिहिले. त्यातील पहिला भाग 'श्रमण' असावा, असे अनेक विद्वान मानतात. प्लुटार्कच्या काळीही 'भारतीयाची समाधी' लोक दाखवीत असत. आज तिचा मागमूस नाही. हे श्रमण जैन होते असे म्हणण्यास मात्र आधार नाही. जैन, बौद्ध, आजीविक सारेच श्रमण, आणि अग्निप्रवेश तर जैन आचारात बसत नाही. आपल्या मासिकांतून आणि व्याख्यानांतून कधी कधी या कथेवर घाईने हक्क सांगितला जातो, तो सांगू नये. सरांनी तो सांगितला नाही. "कोणी का असेना," काकी म्हणाल्या, "भडोचहून इथवर आला खरा."

संध्याकाळच्या जेवणाला त्या खानावळीत ते साडेसातलाच पोहोचले तेव्हा एकही टेबल भरलेले नव्हते. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात. पण जूनमध्ये अथेन्सला सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना घाई करावी लागत नाही. चिंता मालकाला होती: इतक्या लवकर माणसे का आली? कळल्यावर त्याने सकाळच्या भाज्या गरम करून दिल्या आणि द्राक्षांचा घड पैसे न घेता ठेवला.

जेवण झाल्यावर काकींनी चष्मा लावला आणि सरांच्या हातून फोन घेतला. म्युनिकला मुलाला लावला. बोलणे मराठीत, पण आकडे ऐकू येत होते: उद्या, आठ, दोन. त्या भाजीवालीशी एका रुपयावरून पाच मिनिटे घालणाऱ्या. संग्रहालयाच्या दुकानातील चहाच्या कपाची किंमत पाहून त्यांनी तो परत ठेवला होता.

"काय केलंस?" सरांनी विचारले.

"तिकिटं काढली. सकाळी आठची. पहिलीच वेळ."

"अगं, पुन्हा चाळीस युरो? साडेतीन हजार रुपये झाले."

"विमान दोनचं आहे ना? मग."

"आणि तुझी तब्येत?"

"आठला काय ऊन असतं? सामायिक पाचला उरकते. पाणी आत्तापासून पितेय." आणि त्यांनी खरोखरच समोरचा पेला उचलला.

गुरुवारी आठला दहा मिनिटे कमी असता ते रांगेत सातवे-आठवे होते. पायऱ्या गार होत्या. काकींनी काठीसारखी छत्री टेकवली होती आणि प्रत्येक वळणावर त्या थांबून दोन घोट घेत होत्या. कालच्या ऑलिव्हच्या झाडाशी त्या थांबल्या नाहीत. महाद्वाराच्या गुळगुळीत झालेल्या दगडांवर सरांनी त्यांचा हात धरला. वर गेल्यावर समोर पार्थेनॉन होता, एका बाजूला बांधकामाचा सांगाडा असलेला, सकाळच्या तिरप्या उन्हात फिकट पिवळा. सर काही बोलले नाहीत. पाठ म्हणण्यासारखे त्यांनी काल सर्व म्हटले होते. ते दोरीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गेले आणि वयाच्या मानाने फार खाली वाकून पायरीच्या रेषेवरून पाहू लागले. रक्षकाने शिटी वाजविली नाही, कारण त्यांनी दोरी ओलांडली नव्हती.

"दिसतंय का?" काकींनी विचारले.

"मधे उचललेली आहे," सर म्हणाले. "खरंच आहे."

काकींनीही वाकून पाहिले. मग घड्याळ पाहिले. साडेनऊ वाजले होते आणि एरेक्थिऑनच्या शेजारी असलेल्या ऑलिव्हच्या झाडाची सावली आखूड होऊ लागली होती.

"चला," त्या म्हणाल्या. "चढायच्या आत उतरू."